मालक आत आहेत

रविवार, ११ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. पाकिटावर माझं अक्षर बघून त्या घाबरतील, म्हणून आधीच लिहिते की इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत.

"आत गेलाय ना, मग येईल बाहेर. तिथे काय संसार थाटणारे तो?"

आईचं हे वाक्य आज सकाळपासून माझ्या कानात घोळतंय. शाळेची वेळ झालेली असायची, मी बाथरूमच्या दारावर बुक्क्या मारत असायचे, आत तू निवांत गात असायचास आणि आई ओट्यापाशी उभी राहून, मागे वळूनही न बघता हे म्हणायची. तुझीच बाजू घ्यायची. नेहमीच घ्यायची, पण ते असो.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आईचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून कागद.

इकडची बातमी अशी. तुझी भाची वसतिगृहात राहायला गेली आणि जाताना घरातले सगळे चांगले टॉवेल घेऊन गेली. ह्यांचा गुडघा दुखतो, पण तो फक्त भाजी आणायला सांगितली की. माझं चष्म्याचं दुकान चालू आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. परवा एका आजोबांनी शेवटची बारीक ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी थक्क झाले. मग त्यांच्याबरोबर आलेली त्यांची सून म्हणाली, वाट बघत बसले होते तेव्हा जवळ जाऊन पाठ केली त्यांनी. तरी मला त्या आजोबांचं कौतुक वाटलं. जे दिसत नाही ते निदान त्यांना आठवत तरी होतं.

आता मुख्य बातमी. मी बाथरूम सजवायला काढली आहे.

हसू नकोस. आमची बाथरूम तू बघितलेली नाहीस. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या लाद्या आणि एका भिंतीवर हा मोठा आरसा. घर घेतलं तेव्हा मला ती फार आवडली होती. आता आत गेलं की कोणीतरी तपासायला येणार आहे असं वाटतं. म्हणून ठरवलं, आपल्या जुन्या घरातल्यासारखी करायची. बाबांनी केली होती तशी.

आठवते ना? दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागायच्या, एवढीशी. लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवून जो रंग डब्याच्या तळाशी उरायचा तो बाबा घरी आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी बाथरूमच्या भिंतीवर संपवायचे. त्यामुळे आपल्या भिंतीवर औषधवाल्याचा हिरवा होता, सायकलवाल्याचा लाल होता आणि त्या एका वकिलाचा काळा होता, ज्याने पाटी घेतली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. नळाच्या वर लिहिलं होतं, "नळ बंद केल्याबद्दल आभारी आहोत. न केल्यास आईला कळवण्यात येईल." दाराच्या आतल्या बाजूला, खास तुझ्यासाठी, "गायकांनी एकच गाणे घ्यावे. बाहेर उभे आहेत ते श्रोते नव्हेत." आणि छतावर, "वर काय बघताय? पाणी खाली आहे." घरी येणारा प्रत्येक पाहुणा बाथरूममधून हसत बाहेर यायचा आणि आपण ओळखायचो की याने वर बघितलं.

टॉवेलच्या खुंट्या तर मला डोळे मिटूनही दिसतात. बाबांच्या खुंटीवर ब्रश. तुझ्या खुंटीवर गोगलगाय, म्हणून तू गोगू. माझ्या खुंटीवर भोंगा, कारण दाराबाहेर माझा आवाज तसा असायचा. आणि आईच्या खुंटीवर मिशीवाला निरीक्षक. त्या मिशीवरून आई आठवडाभर बाबांशी धड बोलली नव्हती. पुढे एकदा रंग उडाला म्हणून बाबा ती खुंटी पुसायला निघाले तर हीच आडवी आली. मिशी ठेवा म्हणाली.

आणि मासे. लाद्यांच्या खालच्या दोन ओळींत एकामागून एक मासे, आणि सगळ्यांनी परांनी डोळे झाकलेले. एकाचे पर तोकडे पडले म्हणून त्याला काळा चष्मा. त्यामागची गोष्ट आईने मला मी मोठी झाल्यावर सांगितली, तुला सांगितली होती का कोण जाणे. लग्न नवं होतं. बाबांनी हौसेने मासे रंगवले, टपोऱ्या डोळ्यांचे. आई आत गेली आणि तशीच बाहेर आली. म्हणाली, एवढे जण टक लावून बघत असताना मी आंघोळ कशी करू? दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत बाबांनी प्रत्येक माशाला डोळ्यांवर पर काढून दिले.

तर दादा, मला एवढंच विचारायचं होतं की चकचकीत लादीवर रंग धरत कसा नाही? मी एक मासा काढून बघितला. दुपारपर्यंत तो अख्खा सोलून हातात आला. बाबा काय करायचे ते तुलाच ठाऊक असणार, त्यांच्या हाताखाली तूच शिकलास. मला त्यांनी फक्त डबे धुवायला ठेवलं होतं.

ह्यांनी विचारलं, आपल्या वयाला हे शोभतं का? मी म्हटलं, शोभेसाठी करतच नाहीये.

बघ, आलंच शेवटी. लपवून काय करू? आई आंघोळीला जात नाही. दारापर्यंत येते, आत डोकावते आणि मागे फिरते. आधी मला वाटलं पाय घसरायची भीती असेल, म्हणून मी रबरी जाजम टाकलं, भिंतीला धरायला दांडा लावला. तो नळवाल्याने इतका घट्ट बसवलाय की भूकंप झाला तर आम्ही सगळे त्यालाच लटकणार आहोत. तरी ती जाईना. मग एक दिवस माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आत ती बाई आहे. सारखी बघत असते माझ्याकडे."

आरशातली, दादा.

आरसा मी त्याच दिवशी चादरीने झाकला. पण लाद्याही चकाकतात. त्यांतही ती बाई दिसते, थोडी पुसट.

म्हणून मासे हवेत. रंगाचं तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
भोंगा


गुरुवार, ५ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. आधी लादी खरखरीत कागदाने घासायची, सोड्याच्या पाण्याने धुवायची, दोन दिवस कोरडी ठेवायची, मग अस्तराचा हात, मग रंग, आणि त्यावर वॉर्निश. एवढंच लिहिलंयस. वर "प्रिय" नाही, खाली "तुझा" नाही. बरोबर आहे, बाकी काही लिहू नकोस असं मीच म्हटलं होतं. पण "धुवायची" मधला "ध" तू बाबांसारखाच काढतोस, पोटात थोडी हवा भरल्यासारखा. मी तो दुकानातल्या भिंगाखाली धरून बघितला. लोक चष्मे घ्यायला ताटकळले होते.

मासे धरले.

माझ्या हाताचे असल्यामुळे ते माशांपेक्षा बटाट्यांसारखे जास्त दिसतात. एक लादी तडकली होती, ती बसवायला आलेल्या लादीवाल्याने बराच वेळ बघून विचारलं, हे बटाटे रडतायत का? मी म्हटलं, लाजतायत. तो म्हणाला, बाई, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बाथरूम केल्या, पण लाजणारे बटाटे पहिल्यांदाच बघतोय. चहा न घेताच गेला.

मग मी आईला घेऊन आले. हाताला धरून ओढलं नाही. नुसतं म्हटलं, आई, जरा बघतेस का, नीट आलेत का? ती दारात उभी राहिली. चौकटीला हात धरून वाकली. बराच वेळ एकेक मासा बघत होती. मी मागे उभी होते आणि मला शाळेत निकालाच्या दिवशी वाटायचं तसं वाटत होतं.

"झाकले वाटतं यांनी," ती म्हणाली.

आणि हसली. तिचं ते जुनं हसू, तोंडावर पदर धरून. मग म्हणाली, रात्रभर जागले असतील. मी विचारलं, कोण? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. "कोण काय? तुझे बाबा."

त्यानंतर तिने आंघोळ केली, दादा. दोन बादल्या गरम पाण्याने, डोक्यावरून. मी पाठ चोळून दिली. तिची पाठ किती लहान झाली आहे, तुला सांगून कळणार नाही. अंगठ्याने माशांवरचं पाणी निपटत ती मला सांगत होती की हा बघ, याचे पर पुरले नाहीत, याला चष्मा लावायला हवा होता. तो मी काढायचा विसरले होते. दुसऱ्या दिवशी काढला. चष्मा मला चांगला जमतो, आमच्या दुकानात सर्वांत जास्त खपते तीच फ्रेम दिली त्याला.

तेव्हापासून ती जवळजवळ रोज जाते. डॉक्टरीणबाईही खूश आहेत, त्यांना तिच्या पाठीच्या आणि काखेच्या कातडीची काळजी वाटत होती. ह्यांनी छताकडे बघत विचारलं, आता वरही काही लिहिणार का? मी लिहिलं. माझी अक्षरं उताराला लागल्यासारखी घसरत जातात, त्यामुळे "पाणी खाली आहे" हे बघूनच पटतं.

खुंट्याही केल्या. निरीक्षकाची मिशी जरा मोठी झाली. आईने बघितली आणि नाक मुरडलं, म्हणजे आवडली. ब्रश केला, भोंगा केला. ह्यांना खुंटीवर काय हवं विचारलं तर म्हणाले, गुडघा काढ.

आणि एक गोगलगाय केली. तिच्यावर टॉवेल नाही. रिकामी खुंटी वाईट दिसते म्हणून एक नवा, निळा आणून अडकवला आहे. तो कोणी वापरत नाही.

आता एवढंच राहिलंय, दारावरची पाटी. ती झाली की बाथरूम पुरी झाली.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
भोंगा


शनिवार, १९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. मधल्या पत्राचं उत्तर आलं नाही, म्हणून तुम्ही बरे असाल असंच धरते.

पाटी करायला नको होती.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला कळेल. आणि मलाही, मी नेमकं काय करून बसले ते.

आपल्या जुन्या बाथरूमच्या दाराला सुतळीने टांगलेली फळी होती. कुठल्यातरी दुकानदाराने नापसंत केलेल्या पाटीचा तुकडा. एका बाजूने "दुकान उघडे आहे", दुसऱ्या बाजूने "मालक आत आहेत". कडी मोडलेली होती आणि बाबांना कडी बसवण्यापेक्षा पाटी रंगवणं सोपं वाटलं. आत जाताना उलटायची, बाहेर येताना पुन्हा उलटायची. ज्याने उलटली त्यानेच सुलटी करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा बाबांचा कायदा. घरातल्या सगळ्यांना तो पाळता यायचा. एक तू सोडून.

आणि तो दिवस. तू आंघोळ करून कधीच पसार झाला होतास, चेंडू खेळायला. पाटी तशीच. आई टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभी. मी दारावर बुक्की मारली तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आत गेलाय ना, मग येईल बाहेर. तिथे काय संसार थाटणारे तो? मग तिचीच कामावर जायची वेळ टळायला लागली. तिने आधी तुला गोडीने बोलावलं. मग नवा चेंडू देईन म्हणाली. मग चेंडू आणि सहलीला जायची परवानगी. आतून उत्तर नाही. शेवटी बाबा आले, त्यांनी एका बोटाने दार ढकललं. आत बादली. आई रिकाम्या बाथरूमशी अर्धा तास सौदा करत होती. ती हसता हसता तिथेच खाली बसली, कामावर उशिरा पोचली आणि तिथे कारणही हेच सांगितलं. तुला मात्र चेंडू मिळाला. शब्द दिला होता म्हणाली.

ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितली आहे की माझी मुलगीसुद्धा ती घडताना हजर असल्यासारखी सांगते.

तर मी फळी आणली, दोन्ही बाजू रंगवल्या, सुतळीने टांगली. मासे जमले, खुंट्या जमल्या, मला लोभ सुटला होता. त्या दुपारी आई झोपली होती. मी आंघोळीला गेले, हौसेने पाटी उलटली आणि बाहेर आल्यावर सुलटी करायची विसरले. तुझ्यासारखीच. स्वयंपाकघरातून बघते तर आई उठून आलेली. पाटी वाचली. आपणहून खोलीत गेली, आपला टॉवेल आपण घेतला, खांद्यावर टाकला आणि तिथल्या स्टुलावर बसली. दादा, किती महिन्यांत तिने स्वतःहून काही हातात घेतलं नव्हतं. मी इतकी हरखले की जवळ जाऊन गमतीने विचारलं, आई, आत कोण आहे गं?

"गोगू. दुसरं कोण एवढा वेळ लावतं?"

तुझं नाव तिने कित्येक दिवसांत घेतलं नव्हतं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की आत कोणी नाही. मी म्हटलं, हो का? मग थांब जरा.

ती थांबली आहे. अजून थांबली आहे.

सकाळी उठते, टॉवेल घेते, स्टुलावर येऊन बसते. मी पहिल्याच दिवशी घाबरून दार उघडून दाखवलं. बघ, कोणी नाही. ती आत गेली. दारामागे बघितलं, बादली हलवून बघितली, तो निळा टॉवेल हातात घेऊन बघितला. कोरडा होता. मग जी घाबरली ती सगळ्या खोल्यांतून हाका मारत फिरली. मला म्हणाली, "आत जाताना बघितलं मी त्याला. बाहेर येताना नाही बघितलं. मग गेला कुठे?" तिला शांत करता करता रडू मला आलं. तेव्हापासून तिच्यासमोर आम्ही ते दार उघडत नाही. ती झोपली की चोरासारख्या आंघोळी उरकतो.

पाटी मी सुलटी करून बघितली. तिने पुन्हा उलटली. म्हणाली, त्याची पाटी त्याने फिरवायची, बाबांना चालत नाही. मग काढूनच टाकली, तर म्हणते, पाटी गेली म्हणून माणूस जातो का? शेवटी परत टांगली. ह्यांनीही प्रयत्न केला. ती डुलकी घेत असताना आत गेले, डोक्यावर टॉवेल घेऊन गाणं म्हणत बाहेर आले आणि म्हणाले, आई, झालं माझं. तिने पदर सावरला आणि फार अदबीने म्हणाली, "जावईबापू, तुम्ही कधी आत गेलात? त्याला जरा आटपायला सांगा की." हे त्या दिवशी गुडघ्याबद्दल काही बोलले नाहीत.

तिचं अंग मी पलंगावर ओल्या फडक्याने पुसून घेते. तेही धड पुसू देत नाही, नंबर लागू दे ना माझा, म्हणते. पाठीला पुन्हा लाल चट्टे आले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसंही करून पाण्याने आंघोळ घाला, नाहीतर कातडी फुटेल आणि मग निस्तरणं कठीण जाईल. दोघांनी धरून नेता येईल, असंही म्हणाल्या. एकदा तेही केलं. तिने दाराची चौकट सोडली नाही. आत मुलगा आंघोळ करतोय, लाजा नाहीत का तुम्हाला, असं ओरडत होती. पुन्हा ते माझ्याकडून होणार नाही.

आता जे दोन पत्रं टाळलं ते लिहिते.

बाबा गेले त्या दिवसाचं मला उगाळायचं नाही. तू हाताने पाट्या रंगवणं सोडून यंत्रावर पाट्या छापणाऱ्या कंपनीत गेलास, बाबांनी अबोला धरला, मग ते आजारी पडले, आणि तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. उशीर का झाला ते मी तुला कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. आई दारात उभी होती. म्हणाली, "आता कशाला आलास? दुकान बंद झालं." तू बॅग खालीही ठेवली नाहीस. मी तुझ्या मागे कोपऱ्यापर्यंत धावले, तर एवढंच म्हणालास की या घरात मला जागा नाही, आणि पुन्हा आला नाहीस. तुला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ते वाक्य मीही ऐकलं होतं, आणि ते मला कोणी म्हटलं असतं तर मीही बॅग उचलली असती.

पण दादा, ते वाक्य आता तिच्याकडे नाही. विसरली. बाबा गेले हेही विसरली. ते पाटी रंगवायला बाहेरगावी गेलेत, शिडीवर चढले की त्यांना वेळेचं भान राहत नाही, असं सांगते. तुझं कंपनीत जाणं, अबोला, बॅग, काही नाही. तुझ्यावर हा अन्यायच आहे, मला कळतं. इतकी वर्षं तू जे मनाशी धरून आहेस त्याबद्दल क्षमा मागायला आता इकडे कोणी नाही. ती भेटली तरी क्षमा मागणार नाही. तिच्या लेखी तू कधी गेलाच नाहीस. आत आहेस, आणि वेळ लावतो आहेस.

ह्यांचं म्हणणं, फोनवरून बोलायला सांग. पण बाथरूममधून कोणी फोनवर बोलतं का, असं तीच विचारेल. आणि तिला ऐकायचं नाहीये. तिला तू बाहेर येताना दिसायला हवा आहेस.

म्हणून विचारते. एक दिवस ये. सकाळी, ती उठायच्या आधी. राहू नकोस, जेवूही नकोस, मागचं काही बोलायचं नाही, मी कोणाला बोलू देणार नाही. सरळ आत जा. पाणी सोड. गा, मोठ्याने, दोन गाणी गायलास तरी चालेल, मी दारावर बुक्क्या मारीन. गोगलगाईवरचा निळा टॉवेल ओला कर. मग बाहेर ये, तुझ्या हाताने पाटी सुलटी कर आणि तिला म्हण, "आई, झालं माझं. जा तू."

ती ओळखेल का, मला माहीत नाही. वहिनींनी पाठवलेल्या फोटोत तुझे केस निम्मे पांढरे दिसतात. ती चेंडू खेळणाऱ्या पोराची वाट बघते आहे. कदाचित परका माणूस घरात आला म्हणून आरडाओरडा करेल. कदाचित तुला वरखाली बघून म्हणेल, इतका वेळ लावलास की म्हातारा होऊन बाहेर आलास. मला मनापासून वाटतं की ती हेच म्हणेल. पण मला तर माझे मासेही मासे वाटतात, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

तू नाही म्हणशील. लिहायला बसले तेव्हापासून मला ते माहीत आहे. तू पत्र घडी करून ठेवशील, चार दिवसांनी एक चिठ्ठी येईल, त्यात पाटीवरचा रंग खरवडून कसा काढायचा ते लिहिलेलं असेल आणि त्यातला "ध" बाबांसारखा असेल. मी तो भिंगाखाली धरून बघीन. तुझ्यावर रागावणार नाही.

तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. मी पहिल्यापासूनच अशी आहे, तुला ठाऊक आहे. तू आत असलास की मला बाहेर गप्प उभं राहता येत नाही.

गोगू, येतोस का बाहेर?

दाराबाहेरून,
भोंगा